वाकडं पाऊल, सरळ पाऊल

मित्रांनो, आधी एक कबुली देते. हा लेख मी मासिकाला विषय हवा म्हणून लिहिलेला नाही. माझ्या एका वाक्यामुळे एका दहा महिन्यांच्या बाळाच्या पायाला पुन्हा तीन प्लॅस्टरं घालावी लागली, म्हणून लिहिला आहे. मराठीत एवढं लांब लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, पण मजकूर मात्र नीट वाचा.

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये काम करणाऱ्या मावशी नेऱ्याच्या पुढच्या एका वाडीतून येतात. मी सेकंड इयरला असताना त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. जुलैमध्ये मुलगा झाला. दोन दिवसांनी मावशी कामावर आल्या, पेढे काही आणले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगू बाय, पोराचे पाय उलटे हायेत." दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे बघणारे, टाचा वर खेचलेल्या. ग्रहणात सुनेनं बाहेर पाऊल टाकलं, असं सासरची मंडळी म्हणत होती. कुणी रोज तेलाने मालिश करा म्हणालं, तर कुणी "मोठा झाला की आपोआप सरळ होईल" म्हणालं.

याला डॉक्टरी भाषेत क्लबफूट म्हणतात. सुदैवाने घरी येणाऱ्या आशाताईंनी पाय बघितला आणि मुंबईला पाठवलं. तिथे बाळ तीन आठवड्यांचं असताना पहिलं प्लॅस्टर लागलं. दर आठवड्याला एक अशी सहा प्लॅस्टरं झाली, टाचेमागे एक छोटीशी चीर दिली, शेवटचं प्लॅस्टर तीन आठवडे ठेवलं आणि मग एका दांड्याला जोडलेले दोन बूट मिळाले. पाय सरळ! त्या दिवशी पेढे आले.

आता माझी चूक. मार्चमध्ये मावशी थकलेल्या दिसत होत्या. रात्री बूट घातले की बाळ रडतं, मुलगी झोपत नाही, जावई वैतागतो. मी मोबाईलमधला फोटो बघितला आणि एखाद्या तज्ज्ञासारखं म्हणाले, "मावशी, पाय तर एकदम सरळ आहे. मग आता कशाला रडवता त्याला?" मावशींनी ते ऐकलं. शिकलेली, इंजिनियर होणारी पोरगी सांगतेय म्हणजे बरोबरच असणार. बूट कपाटावर गेले. मे महिन्यात परीक्षा संपवून मी मेसमध्ये गेले तेव्हा कळलं, पाय पुन्हा आत वळायला लागलाय.

पुन्हा प्लॅस्टर घालायला त्यांच्याबरोबर मी पण गेले. पनवेलहून कुर्ला, तिथे गाडी बदलून पुढे. मावशींचा खाडा, जावयाच्या टेम्पोची एक खेप बुडाली. तिथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "बूट काढायला कुणी सांगितलं?" मावशींनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "हॉस्टेलच्या एका पोरीनी."

त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं आणि समजून घेतलं ते पुढे मांडते आहे.

क्लबफूट म्हणजे नेमकं काय?

जगात साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. भारतात दरवर्षी तीस हजारांहून जास्त बाळं असे पाय घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. मुलींपेक्षा मुलांमध्ये प्रमाण सुमारे दुप्पट. जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. म्हणजे हा काही दुर्मीळ आजार नाही. आपल्या कॉलेजमध्ये जितकी मुलं आहेत तेवढ्यांत एखादा तरी हा दोष घेऊन जन्मलेला असू शकतो. बरा झालेला असला तर आपल्याला कळणारही नाही.

यात चार वाकडेपणा एकत्र असतात. तळव्याची कमान जास्त खोल होते. चवडा आत वळतो. टाच आत कलते. आणि टाचेमागची कंडरा आखूड असल्याने पाऊल खाली झुकलेलं, टाच वर. उपचार झाले नाहीत तर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर किंवा चक्क वरच्या बाजूवर चालायला लागतं. तिथली कातडी चालण्यासाठी बनलेली नसते, ती जाड होते, फुटते, दुखते. चप्पल बसत नाही. शाळेत चिडवतात. मुलगी असेल तर लग्नाची काळजी पाळण्यापासूनच सुरू.

कारण? पूर्ण कारण अजून सापडलेलं नाही. काही भाग आनुवंशिक आहे हे नक्की. पण ग्रहण नाही, चिरलेली भाजी नाही आणि आईने केलेली कुठली चूक नाही. ग्रहण पृथ्वीच्या मोठ्या पट्ट्यातून एकाच वेळी दिसतं. त्याने पाय वळत असते तर ग्रहणानंतर काही महिन्यांनी वॉर्डच्या वॉर्ड अशा बाळांनी भरले असते. तसं कधी होत नाही. ही बाळं वर्षभर, सगळ्या देशांत, सगळ्या धर्मांत सारखी जन्मत असतात.

आपल्याकडे शरीराच्या व्यंगाला शापाशी जोडायची सवय जुनी आहे. महाभारतातला अष्टावक्र आठवा. गर्भात असताना वडिलांच्या शापाने आठ ठिकाणी वाकडा झालेला. त्याच गोष्टीत तो जनक राजाच्या दरबारात वादात जिंकतो आणि शेवटी समंगा नदीत स्नान केल्यावर सरळ होतो. आपण शाप तेवढा लक्षात ठेवला. वाकडं सरळ होऊ शकतं, हा त्याच गोष्टीचा शेवट मात्र विसरलो.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण गोंधळ इथेच होतो. काही बाळांचा पाय पोटातल्या दाटीमुळे नुसता वळलेला दिसतो, पण हाताने सहज सरळ होतो. तो खरा क्लबफूट नव्हे आणि तो थोड्या दिवसांत सुधारतोही. "आमच्या शेजारणीच्या बाळाचा मालिशने बरा झाला" या कथा बहुतेक अशा पायांच्या असतात. खरा क्लबफूट ताठ असतो. दोन्हींत फरक कुठला हे डॉक्टर हात लावून सांगतात. शेजारीण सांगू शकत नाही, आणि मेकॅनिकलची विद्यार्थिनी तर मुळीच नाही.

घड्याळजीचा मुलगा

आज जगभर वापरली जाणारी पद्धत डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची. जन्म ३ जून १९१४, स्पेनच्या मिनोर्का बेटावर. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि लहान इग्नासिओ त्यांना हातभार लावायचा. १९३६ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध पेटलं. नुकतेच डॉक्टर झालेले पोन्सेटी प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींची मोडलेली हाडं प्लॅस्टरमध्ये बसवत राहिले. १९३९ मध्ये बाजू हरली तेव्हा जखमींना घेऊन पिरेनीज डोंगर ओलांडून ते फ्रान्समध्ये गेले, तिथून मेक्सिको आणि १९४१ मध्ये अमेरिकेतलं आयोवा. म्हणजे ही पद्धत शोधणारा माणूस स्वतः युद्धातला निर्वासित होता.

आयोवात त्यांना एक काम मिळालं. १९२० च्या दशकात शस्त्रक्रिया झालेल्या क्लबफूटच्या रुग्णांचं पुढे काय झालं ते बघायचं. उत्तर वाईट होतं. पावलं सरळ दिसत होती, पण ताठ आणि दुखरी झाली होती. कापून सरळ केलेल्या सांध्यात व्रण राहतो आणि व्रण लवचिक नसतो. मग त्यांनी पावलाची रचनाच मुळापासून अभ्यासली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस हळूहळू प्लॅस्टर बदलत नेण्याची पद्धत बसवली. १९६३ मध्ये निकाल छापले. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. जवळपास चाळीस वर्षं जगभरचे सर्जन मोठी ऑपरेशनं करतच राहिले.

१९९५ मध्ये आयोवाच्या जुन्या रुग्णांची पाहणी छापून आली. त्यांचं सरासरी वय तोवर ३४ झालं होतं. ७८ टक्के लोकांची पावलं चांगली किंवा उत्तम होती. जन्मतः निरोगी पाय असलेल्या तुलनेतल्या गटात हे प्रमाण ८५ टक्के होतं. दोन्हींत फरक एवढाच! १९९६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि मग वारं फिरलं. पोन्सेटी २००९ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. त्यांचा वाढदिवस, ३ जून, आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

टेकू कुठे द्यायचा?

आता आपल्या सिलॅबसमधला भाग. पावलात २६ हाडं. त्यातलं घोट्याचं हाड, टॅलस, नडगीच्या दोन हाडांच्या खाचेत घट्ट बसलेलं असतं. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. क्लबफूटमध्ये बाकीचं पाऊल या टॅलसभोवती आत फिरलेलं असतं. म्हणजे टॅलस हा आपला स्थिर बिंदू आणि उरलेलं पाऊल त्याच्याभोवती बाहेर फिरवायचं.

हे आज सोपं वाटतं. पण पोन्सेटींच्या आधी अमेरिकेतलेच डॉ. काइट प्लॅस्टर घालत होते आणि तेही शस्त्रक्रियेच्या विरोधातच होते. फक्त ते अंगठ्याचा दाब पावलाच्या बाहेरच्या कडेला, मधोमध द्यायचे. तिथे दाब दिला की टाचेचं हाड अडकतं, टॅलसखालून फिरूच शकत नाही. परिणाम असा की उपचार दोन-दोन वर्षं चालायचे. पोन्सेटींनी अंगठा थोडा सरकवला, तो टॅलसच्या डोक्यावर ठेवला. टेकू बदलला आणि दोन वर्षांचं काम दोन महिन्यांवर आलं. जोर तोच, हात तोच, फक्त फल्क्रमची जागा वेगळी. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी कमान सोडवायची, त्यासाठी चवडा थोडा वर उचलतात. दिसायला पाऊल क्षणभर जास्तच वाकडं दिसतं आणि आया घाबरतात. मग दर आठवड्याला थोडं थोडं बाहेर. यात चवडा आणि टाच दोन्ही एकत्र सुधारतात. टाच खाली आणायचं काम शेवटी. घाई करून आधीच पाऊल वर ढकललं तर टाच वरच राहते आणि पाऊल मधेच मोडल्यासारखं होऊन तळवा होडीसारखा गोल होतो.

तिसरी गोष्ट वेळेची. बाळाचे अस्थिबंध रबरासारखे नसतात, ते व्हिस्कोइलॅस्टिक असतात. ठरावीक ताणात धरून ठेवले की काही काळाने आतला ताण कमी होतो, ज्याला आपण स्ट्रेस रिलॅक्सेशन म्हणतो. म्हणून हळुवार ताणायचं, प्लॅस्टरने धरायचं, एक आठवडा थांबायचं, मग पुढचं पाऊल. जोराची गरजच नाही. प्लॅस्टर बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा ९० अंशांत वाकवून. मी विचारलं होतं, पाऊल वाकडं तर मांडीला प्लॅस्टर कशाला? कारण गुडघ्याखालीच थांबलं तर प्लॅस्टर पायाभोवती फिरतं, घसरतं आणि बाहेर फिरवलेलं पाऊल पुन्हा आत येतं. फिरणं अडवायचं तर गुडघ्याचा काटकोन पकडावा लागतो.

साधारण पाच ते सात प्लॅस्टरांनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची कंडरा स्थानिक भूल देऊन कापतात. चीर अगदी छोटी, बहुधा टाकाही लागत नाही. तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लॅस्टरमध्ये ती कंडरा योग्य लांबीची होऊन पुन्हा जुळून येते. सगळ्याला लागतं काय? प्लॅस्टर ऑफ पॅरिस, कापूस, पाणी, एक लहान पातं आणि शिकलेले हात. म्हणूनच ही पद्धत गरीब देशांत पोचली.

बूट: माझा नापास झालेला प्रश्न

आता जिथे मी चुकले तो भाग. प्रॉडक्शनच्या तासाला आपण स्प्रिंगबॅक शिकतो. पत्रा ९० अंशांत वाकवून सोडला तर तो थोडा परततो, म्हणून जरा जास्तच वाकवायचा. इथेही पाऊल सरळ करून थांबत नाहीत, ६० ते ७० अंश बाहेर नेतात. पण पत्रा परततो तो लगेच आणि एकदाच. बाळाचं पाऊल वाढत असतं आणि आत ओढणारी प्रवृत्ती त्या उतींमध्ये पुढची काही वर्षं टिकून असते. त्यामुळे इथला स्प्रिंगबॅक चार वर्षं चालू राहतो. तो धरून ठेवायचं काम बूट करतात.

पहिले तीन महिने बूट दिवसाला २३ तास. मग फक्त झोपताना, वयाच्या चार वर्षांपर्यंत. दोन बूट खांद्याएवढ्या रुंदीच्या दांड्यावर असतात. वाकडा पाय ६० ते ७० अंश बाहेर, चांगला असेल तर ३० ते ४०. एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांत लागतात. एकटा बूट पाऊल बाहेर फिरवून धरू शकत नाही, त्याला पलीकडचा पाय हाच आधार. बाळ लाथा मारतं तेव्हा स्नायू आपोआप ताणले जातात, म्हणजे ते स्वतःच स्वतःचा व्यायाम करत असतं.

दोष परत येण्याचं सर्वांत मोठं कारण एकच आहे: बूट न घालणं. "पाय सरळ दिसतोय" हे बूट काढायचं कारण होऊच शकत नाही, कारण बूट सरळ पायासाठीच असतात. हे वाक्य मला मार्चमध्ये माहीत असायला हवं होतं. बाळ रडत असेल तर बूट टोचतोय का, टाच खाली बसलीय का, कातडी लाल आहे का ते बघायचं आणि दवाखान्यात दाखवायचं. काढून कपाटावर टाकायचं नाही.

मोठेपणी, म्हणजे उपचाराविना दहा-बारा वर्षांचं झालेलं मूल आलं तर काम कठीण होतं, पण दार बंद होत नाही. हळूहळू ताणणाऱ्या बाह्य सांगाड्यांनी अशी पावलं सरळ करतात. सायबेरियातले डॉ. इलिझारोव्ह यांचं कड्यांचं यंत्र तुम्ही ऐकलं असेल. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी तारा, दांडे आणि स्क्रूचा तसाच एक हलका सांगाडा बनवला. जोशी यांच्या नावाने तो 'जेस' म्हणून ओळखला जातो. प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी जरूर बघावा.

श्रद्धा आणि प्लॅस्टर

वाचता वाचता एक गोष्ट सारखी समोर येत गेली. ही पद्धत गरीब देशांत पोचवणाऱ्यांत श्रद्धेने काम करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत.

युगांडाचं उदाहरण घ्या. उत्तरेत बंडखोरांचं युद्ध चालू होतं, त्याच काळात, १९९९ च्या सुमारास, कॅनडाचे डॉ. नॉरग्रोव्ह पेनी यांनी तिथे पोन्सेटी पद्धत सुरू केली. ते ख्रिस्ती सेवासंस्थेमार्फत तिथे गेले होते. त्यांना साथ मिळाली डॉ. शफीक पिराणी यांची. वाकडेपणा शून्य ते सहा गुणांत मोजायची 'पिराणी स्कोर' पद्धत त्यांचीच. त्यांचा जन्म युगांडातला. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना ज्या देशातून हाकललं, त्याच देशातल्या मुलांसाठी ते परत गेले. बूट मात्र परदेशी आणि महाग. तेव्हा मिखिल स्टीनबीक नावाच्या डच तंत्रज्ञाने कंपालातल्या कार्यशाळेत तिथलंच चामडं आणि लोखंडी दांडा वापरून बूट बनवला. बूट टाचेकडे उघडा ठेवला, म्हणजे टाच खाली टेकली की नाही ते आईला दिसतं. साध्या चपलेच्या कारागिराला बनवता येईल असं डिझाइन. मलावीत डॉक्टर कमी, म्हणून प्लॅस्टर घालायला डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यांना शिकवलं, आणि त्यांना ते जमलं.

दुसरं नाव 'क्युअर इंटरनॅशनल'. अमेरिकेतले हाडांचे सर्जन डॉ. स्कॉट हॅरिसन १९८६ मध्ये मलावीत ऑपरेशनं करायला गेले आणि तिथल्या अपंग मुलांना विसरू शकले नाहीत. १९९६ मध्ये पत्नीसह त्यांनी ही ख्रिस्ती संस्था काढली. १९९८ मध्ये केनियात किजाबेला पहिलं रुग्णालय उघडलं. २०१० मध्ये नायजरची राजधानी नियामे इथे. नायजर म्हणजे नायजेरिया नव्हे, त्याच्या उत्तरेचा वाळवंटी देश. सीमांवर सशस्त्र गटांचे हल्ले, २०२३ मध्ये लष्करी उठाव. जवळजवळ सगळी वस्ती मुस्लिम, म्हणजे प्लॅस्टरला येणारी मुलंही त्याच घरांतली.

अशा ठिकाणी या उपचाराचं काय होतं याचा विचार करा. औषध नाही म्हणून तो तुटत नाही. तुटतो तो रस्ता बंद झाल्यावर. सात आठवडे सलग यायचं आहे आणि चौथ्या आठवड्यात गावाजवळ गोळीबार झाला तर? प्लॅस्टर पायातच राहतं, बाळ वाढत राहतं. पनवेलहून मुंबईला जाताना मेगाब्लॉक लागला तर आपण कुरकुरतो. मावशींना मात्र मेगाब्लॉक आणि बुडालेला खाडा हेच पुरेसं युद्ध होतं.

माझ्या रूममेटने स्पष्टच विचारलं, "यात त्यांचा फायदा काय? धर्म वाढवायचा असेल." प्रश्न विचारण्यात गैर काही नाही आणि या संस्था आपली श्रद्धा लपवतही नाहीत. मी स्वतः दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते. रोज प्रार्थना म्हटली आणि घरी येऊन गणपतीसमोर हात जोडले, मला दोन्हींचा त्रास झाला नाही. माझी कसोटी साधी आहे. उपचार मिळण्यासाठी धर्माची अट आहे का? नसेल तर प्लॅस्टर बांधणारा मनात कुणाचं नाव घेतो हा त्याचा प्रश्न. आपल्या महाराष्ट्रात हे नवीनही नाही. डॉ. विल्यम वान्लेस १८८९ मध्ये मिशनरी म्हणून इकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला रुग्णालय उभं केलं. मिरज आज वैद्यकीय गाव म्हणून ओळखलं जातं त्याची सुरुवात तिथे आहे. आपल्या जवळ बघा. नेऱ्याचं शांतिवन गांधीविचारातून कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलं. खारघरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर मोफत उपचार होतात, पैसे भरायची खिडकीच नाही. श्रद्धास्थानं वेगवेगळी, पण काम एकाच प्रकारचं.

आपल्याकडे काय सोय आहे?

भारतात क्युअरच्या शाखेने वेगळं रुग्णालय बांधण्याऐवजी सरकारी रुग्णालयांशी हात मिळवला. डॉक्टर आणि ओपीडी सरकारची. बूट, प्रशिक्षण आणि पालकांशी बोलणारा समुपदेशक संस्थेचा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत जागतिक क्लबफूट परिषद झाली, तिचं उद्घाटन तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं. पुढे हेच काम 'अनुष्का फाउंडेशन' या नावाने सुरू राहिलं.

सरकारची स्वतःची योजनाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला आणि तो सुरू झाला आपल्या पालघरहून. त्यात मुलांचे तीस प्रकारचे दोष आणि आजार लवकर शोधायचे ठरलं. क्लबफूट त्या यादीत आहे. आशाताई नवजात बाळाला घरी जाऊन बघतात, फिरती पथकं अंगणवाड्या आणि शाळांत जातात आणि दोष सापडला की पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. मावशींच्या नातवाचं नशीब या साखळीच्या पहिल्या कडीनेच उघडलं.

नवस आणि बूट

शेवटी त्या दिवशी दवाखान्यात काय झालं ते सांगते. मावशींनी कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोलला होता, पोरगा चालायला लागला की त्याच्या पायाने गड चढवीन. समुपदेशक बाईंना सांगताना त्या ओशाळल्या. शिकलेली माणसं नवसाला हसतील असं वाटलं असावं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नवस राहू द्या मावशी, चांगलाच आहे. पण देवीच्या पायऱ्या चढायला पाय तयार करायचे तर रोज रात्री बूट घालायचे. तुम्ही रोज दिवा लावता ना? दिवा लावला की लगेच बूट."

मला हे फार पटलं. शाळेत मी लंगड्याला चालवणाऱ्या येशूच्या गोष्टी ऐकल्या, त्यात माणूस क्षणात उठून चालू लागतो. या उपचारात चार वर्षांच्या सुमारे चौदाशे रात्री आहेत. प्लॅस्टर डॉक्टर घालतो, पण त्या चौदाशे रात्री घरच्यांच्या असतात. रडणाऱ्या बाळाला रोज न चुकता बूट घालायचे तर कशावर तरी विश्वास लागतो. कुणाचा येशूवर, कुणाचा एकवीरेवर, कुणाचा १९९५ च्या पाहणीवर. ज्या श्रद्धेने आईला "तू ग्रहणात बाहेर गेलीस" म्हणून दोष दिला, ती घातक. ज्या श्रद्धेने दिव्याबरोबर बूट घातले गेले, ती उपयोगाची. मला फरक कळतो तो एवढाच.

मावशींचा नातू आता चालतो, पळतोही. रात्री बूट घालतो. माझ्या वाक्यावर मावशी पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत. मीच माफी मागितली, तेव्हा म्हणाल्या, "तू वाईट वाटून नको घेऊ, मलाच पाहिजे होतं ना ते बूट काढायला." त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, सर, मॅडम, वॉचमन काका, लॅबमधले दादा, सर्वांना एवढंच सांगणं:

१. नवजात बाळाचं पाऊल आत वळलेलं दिसलं तर वाट बघू नका. आशाताई, अंगणवाडी किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात पहिल्या काही आठवड्यांत दाखवा. उशीर झाला असला तरी दाखवा.

२. आईला दोष देऊ नका, कुणी देत असेल तर अडवा.

३. प्लॅस्टरची एकही तारीख चुकवू नका. प्लॅस्टरमध्ये बोटं निळी किंवा थंड पडली, किंवा प्लॅस्टर घसरून बोटं आत गेली, तर तारखेची वाट न बघता लगेच दवाखान्यात जा.

४. पाय सरळ झाला म्हणून बूट काढू नका. चार वर्षं म्हणजे चार वर्षं.

५. आणि आपण इंजिनियर होणार असलो तरी डॉक्टर नाही. लोक आपल्या शिक्षणावर विश्वास ठेवतात. ज्या विषयातलं कळत नाही त्यात "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारा" असं म्हणायला शिका. मला ते शिकायला तीन प्लॅस्टरं लागली, आणि तीही दुसऱ्याच्या पायाला.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)